पाचवीचं गणित, वापरलेलं

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी
हॅव्हर गावच्या लूथरन चर्चच्या तळघरात
जुन्या अभ्यासक्रमांचा बाजार भरतो.
बाहेर उणे अकरा. आत कॉफी, ओले बूट,
आणि घडीच्या टेबलांवर आमच्यासारख्यांची वर्षं:
कुणाची तिसरी, कुणाची सहावी,
रबरबँड लावून, किंमत चिकटवून.

चौथीपर्यंत निभावलं.
वासरांची मोजणी, बियाण्याच्या पाकिटांवरचं वाचन,
चुकलं तर हसून पुढचं पान.
आता कॉर्विन दहाचा झालाय.
‘का’ विचारून पळून जात नाही,
उत्तराची वाट बघत उभा राहतो
बापासारखा, दारात, टोपी न काढता.

एक संच म्हणतो: रोज चाळीस मिनिटं,
उत्तरं वेगळ्या वहीत,
आईला गणित येण्याची गरज नाही.
ते वाक्य मला लागलं. खरं आहे म्हणून जास्तच.
दुसरा म्हणतो: मुलाला मोकळं सोडा, आपोआप शिकेल.
मोकळं सोडलं की हा ट्रॅक्टरखाली सापडतो,
कोपरापर्यंत ग्रीस.
तिसऱ्याचं खोकं इतकं देखणं
की दोनदा हात लावला, दोनदा किंमत वाचली,
मग डिझेलचं बिल आठवलं
आणि हात परत खिशात.

मॅरिस हेगनची पाच मुलं शिकून पांगली.
तिनं इतिहास पुढं केला, कोपरे चिकटपट्टीनं सांधलेला.
‘हा घे, ॲर्डिथ. डोळे मिटून घे.’
मी उघडून बघितला.
पहिल्याच पानावर गवत, वर भलंमोठं आभाळ,
आणि लिहिलेलं: हे पठार रिकामं होतं.
पुढच्या पानावर गाड्या, बैल, टोप्या घातलेली बायकामाणसं.

माझ्या दंडाआडून कॉर्विन वाचत होता.
‘मग आपल्या वरच्या कुरणातली
दगडांची वर्तुळं कुणी मांडली?’

मॅरिसनं कॉफी ढवळली.
ती काळी, बिनसाखरेची पिते.

मला ठाऊक होतं कुणी मांडली.
मागच्या उन्हाळ्यात कुंपण बांधताना
पलीकडच्या बाजूनं डेल्फीन म्हणाली होती,
तंबूच्या कडेवर दगड ठेवायचे,
वाऱ्यानं उडू नये म्हणून. आमची माणसं.
आणि मी ‘हो का’ म्हणून
तार ताणत राहिले होते.

इतिहास तसाच टेबलावर ठेवला.
गणित घेतलं, चार डॉलर.
एकशे बाराव्या पानावर अपूर्णांकांचा भागाकार.
कुणीतरी इतकं खोडलंय
की कागद धुतलेल्या फडक्यासारखा मऊ झालाय.
समासात बारीक पेन्सिलनं: मला हे पान आवडत नाही.
कॉर्विननं त्यावरून बोट फिरवलं.
‘हेच घेऊ. यात आधी कुणीतरी रडलंय.’

बर्फ उतरल्यावर आम्ही वर गेलो,
कुत्रा, दोरी, आणि ते पुस्तक काखेत.
दगड अर्धे मातीत, शेवाळलेले,
गाईंनी दोन-तीन सरकवलेले. ते आम्ही तसेच राहू दिले.
तो कडेकडेनं चालला, पाऊल मोजून टाकत: एकोणीस.
मग मधून आरपार: सहा.
वारा असा की वही धरायला दोघं लागलो.
एकोणीस भागिले सहा.
‘तीन,’ तो म्हणाला. ‘बाकी एक.’
मग टोपी न काढता माझ्याकडं बघत राहिला.
‘त्या एकाचं काय करायचं?’

उत्तरांच्या वहीत वर्तुळ सातवीत येतं.
व्याकरणाचं अजून काहीच ठरलेलं नाही,
भूगोलाचे पैसे खतात गेले.
रात्री भांडी तशीच ठेवून
डेल्फीनला फोन लावला.
काय बोलायचं ते जुळवलं नव्हतं.
चौथ्या रिंगला तिनं उचलला.